बागेतली तीस वर्षे : हास्य क्लबची वाटचाल

१३ मार्च १९९५. मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत सकाळी सातच्या सुमारास एका डॉक्टरांनी फिरायला आलेल्यांना थांबवून विचारायला सुरुवात केली, की आपण एकत्र उभे राहून हसू या का? बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढले. पाच जण जमले. हास्य क्लबचा पहिला दिवस एवढाच.

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की त्याचा एक क्रम ठरलेला असतो. स्थापनेची सभा, पहिले कार्यकारी मंडळ, जागेसाठी केलेली खटपट, इमारतीचा निधी, कोनशिला, देणगीदारांची यादी. हास्य क्लबच्या इतिहासात यातले फारसे काही नाही. बहुतेक क्लबांना स्वतःची जागा नाही, अनेकांना वर्गणी नाही, काहींचे दप्तर म्हणजे एक वही आणि सभासदांच्या वाढदिवसांची यादी. तरीही ही संस्था तीस वर्षे टिकली, गावोगावी गेली, परदेशात गेली. साठी ओलांडलेल्या लाखो माणसांचा दिवस कसा सुरू व्हावा हे तिने ठरवले. ती टिकली कशी आणि तिने ज्येष्ठांना नेमके काय दिले, हे नोंदवून ठेवणे मला पदाधिकाऱ्यांच्या नामावलीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

बागेतले ते डॉक्टर म्हणजे मदन कटारिया. ते मूळचे पंजाबातल्या फिरोजपूर भागातले. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मुंबईत व्यवसाय करत होते आणि 'माय डॉक्टर' नावाचे आरोग्यविषयक मासिकही चालवत होते. त्या मासिकासाठी हास्य आणि आरोग्य या विषयावर लेख लिहिताना त्यांच्या वाचनात नॉर्मन कझिन्स आले. कझिन्स हे अमेरिकेतले नामवंत संपादक. १९६४ साली त्यांना मणक्याच्या सांध्यांचा अत्यंत वेदनादायक आजार झाला. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोट धरून हसलो की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव होता. १९७६ साली तो एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि तीन वर्षांनी त्याचे पुस्तक झाले. एका रुग्णाच्या अनुभवावरून सगळ्यांसाठी औषध ठरत नाही, हे कटारियांना डॉक्टर म्हणून ठाऊक होतेच. पण लेख लिहून थांबण्यापेक्षा करून पाहावे, असे त्यांना पहाटे चार वाजता वाटले आणि तीन तासांनी ते बागेत होते. पत्नी माधुरी कटारिया योगशिक्षिका होत्या. पुढे या पद्धतीत श्वसनाचा आणि ताणाचा जो भाग आला तो त्यांच्यामुळे.

पहिले काही दिवस विनोदांवर चालले. गोलाच्या मध्ये एकेक जण येऊन चुटका सांगे आणि बाकीचे हसत. पाचाचे पन्नास व्हायला वेळ लागला नाही. पण दोन आठवड्यांत चांगल्या चुटक्यांचा साठा संपला. मग सुरू झाले ते चावट विनोद, कोणाच्या जातीवर, कोणाच्या व्यंगावर, बायकांवर केलेले विनोद. स्त्रियांना तिथे उभे राहणे अवघड झाले आणि क्लब बंद करा अशी भाषा कानावर येऊ लागली. कटारियांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की आजपासून चुटका नाही; आपण नुसते हसायचे. हसण्याची क्रिया करायची, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, खरे हसू आपोआप येईल.

या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. तो वैतागातून, अडचणीतून घेतला गेला, पण त्यामुळेच ही संस्था ज्येष्ठांची झाली. चुटका कळायला तो ऐकू यावा लागतो, आणि सत्तरीनंतर अनेकांना शेवटचा शब्द नीट ऐकू येत नाही. नेमका त्या शब्दातच विनोद असतो. सगळे हसतात आणि आपण मात्र तोंडावर हसू आणून इकडेतिकडे पाहतो, हे दुःख ज्यांचे कान गेले आहेत त्यांनाच विचारावे. चुटक्याला भाषा लागते. साताऱ्याहून किंवा चिपळूणहून मुलाकडे मुंबईला राहायला आलेल्या आजींना बागेतल्या हिंदी-इंग्रजी चुटक्याचे काय होणार? चुटक्याला स्मरण लागते आणि विस्मरण सुरू झालेल्या माणसाच्या हातून त्याचा धागा सुटतो. कारणाशिवाय हसण्याला यातले काहीच लागत नाही. हात वर करता आले, समोरचा दिसला, की पुरे. ऐकू न येणारा, भाषा न कळणारा आणि नावे विसरणारा, तिघेही त्या गोलात बरोबरीने उभे राहू शकतात.

माणसे विनोदावर हसतात ही समजूतच अपुरी आहे, हे पुढे अभ्यासातूनही दिसले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यात, महाविद्यालयांत माणसे प्रत्यक्ष केव्हा हसतात याच्या नोंदी केल्या. त्यांतल्या दहा ते वीस टक्केच हास्यांच्या आधी विनोद म्हणता येईल असे काही बोलले गेले होते. बाकीचे हसणे 'बरंय, भेटू पुन्हा' अशा साध्या वाक्यांवरचे होते. एकट्यापेक्षा माणूस सोबतीत सुमारे तीसपट अधिक हसतो, असेही त्यांना आढळले.

मराठी माणसाला विनोदाचे वेड आहे. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, चिं. वि. जोशींचे चिमणराव, अत्र्यांच्या सभा, पु. लं.चे एकपात्री प्रयोग, हे सारे आपल्या पिढीच्या घरात होते. त्यामुळे सुरुवातीला अनेकांना हे विनोदाविना हसणे कमअस्सल वाटले. बुद्धीला न शिवणारे हसणे कसले, असा प्रश्न सुशिक्षित निवृत्तांनी मोठ्या जोरात विचारला. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, तर अपहसित आणि अतिहसित, म्हणजे डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अंग गदगदा हलेपर्यंत हसणे, अधमांचे. आमचा सारा क्लब या शेवटच्या पायरीवर उभा आहे, आणि तिथे उभे राहण्यात आम्हाला संकोच वाटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा संकोच मोडणे हीच एक चळवळ होती. 'खिदळू नकोस', 'दात काढू नकोस', 'बाईच्या जातीने असे हसू नये' हे आज सत्तरीत असलेल्या प्रत्येकीने लहानपणी ऐकलेले आहे. सासरी तर हसू तोंडावर पदर घेऊनच यायचे. अशी बाई पासष्टाव्या वर्षी सार्वजनिक बागेत, परक्या पुरुषांसमोर, दोन्ही हात आभाळाकडे करून मोठ्याने हसते, तेव्हा ती केवळ व्यायाम करत नसते. अनेक क्लबांत आजी पहिले काही दिवस कडेच्या बाकावर बसून राहतात, मग गोलाच्या मागे उभ्या राहतात, मग कधीतरी पुढे येतात. त्यांना कोणी ओढून आणू नये. त्या आपल्या वेळेने येतात आणि आल्या की सहसा परत जात नाहीत.

सकाळची वीस मिनिटे

बाहेरच्या वाचकासाठी रोजचा क्रम थोडक्यात लिहून ठेवतो. आधी दोन्ही तळवे पूर्ण टेकतील अशा टाळ्या, एक-दोन, एक-दोन-तीन या ठेक्यात, आणि त्यासोबत 'हो हो, हा हा हा'. मग हात वर नेत खोल श्वास, सावकाश उच्छ्वास. मग हास्याचे प्रकार. नमस्कार करत हसायचे ते नमस्ते हास्य. एका काल्पनिक पेल्यातून दुसऱ्यात ओतून घटाघटा प्यायचे ते लस्सी हास्य. जीभ बाहेर काढून, डोळे विस्फारून करायचे ते सिंहमुद्रेवरून आलेले सिंहहास्य. तर्जनी रोखून एकमेकांशी भांडायचे आणि हसायचे ते भांडण हास्य, आणि आवाज न करता करायचे मौन हास्य. प्रत्येक प्रकार अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. दोन प्रकारांच्या मध्ये श्वास, मानेचे आणि खांद्यांचे हलके व्यायाम, आणि लहान मुलांसारखे हात उडवत 'व्हेरी गुड, व्हेरी गुड, ये!' सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे.

यातला श्वासाचा भाग वयस्कांसाठी सर्वांत मोलाचा आहे. वय वाढते तशी बरगड्यांची पेटी ताठर होते, फुप्फुसांची लवचीकता कमी होते आणि उच्छ्वासानंतरही आत उरणारी हवा वाढते. मनापासून हसताना आपण न ठरवता, धक्क्याधक्क्याने, एरवीपेक्षा कितीतरी अधिक हवा बाहेर टाकतो. त्यानंतरचा श्वास आपोआप खोल जातो. प्राणायाम शिकताना 'आधी श्वास पूर्ण सोडा' हे सांगून सांगून शिक्षक थकतात. हसण्यात ते न सांगता घडते.

इथेच एक सूचना, कारण ती दर महिन्याला सांगावी लागते. जोरदार हसताना पोटातला दाब वाढतो. हर्निया असलेल्यांनी, नुकतीच पोटाची, हृदयाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी आणि ज्या स्त्रियांना अंग बाहेर येण्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्याने हसण्याचे प्रकार करू नयेत. खोकताना-हसताना लघवीचे थेंब गळणे ही तक्रार अनेकींना असते आणि लाजेने त्या बागेत येणेच बंद करतात. त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, उपचार आहेत. हे गटात उघडपणे बोलले गेले पाहिजे. ज्या क्लबांत एखादी निवृत्त परिचारिका किंवा महिला डॉक्टर आहे, तिथे हे बोलणे सोपे जाते.

फैलाव

संस्था कशी पसरली याचा तपशील थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या बागांतून ती चालतच उपनगरांत गेली. एका बागेतला माणूस मुलीकडे राहायला गेला की तिथल्या बागेत नवा गोल सुरू होई. १९९८ साली मुंबईत हजारो लोकांनी एकत्र येऊन जागतिक हास्य दिन साजरा केला. हा दिवस आता मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. २००० साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील चौकात हजारोंचा मेळावा झाला, आणि ही भारतीय पद्धत युरोपात पोचल्याचे जगाने पाहिले. मीरा नायर यांनी मुंबईच्या हास्य क्लबांवर माहितीपट केला. २००३ च्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधले हास्योपचार करणारे अधिष्ठाता तर घराघरात पोचले. पुण्यात विठ्ठल काटे आणि सुमन काटे यांच्या पुढाकाराने नवचैतन्य हास्ययोग परिवार उभा राहिला आणि शहराच्या बहुतेक भागांतल्या बागांमध्ये सकाळी टाळ्यांचा तो ठेका ऐकू येऊ लागला. काटे दांपत्याचे काम मला विशेष वाटते ते त्यातल्या शिस्तीमुळे. हसण्याला व्यायामाची आणि प्रार्थनेची जोड देऊन त्यांनी मध्यमवर्गीय मराठी ज्येष्ठाला परका न वाटणारा घाट दिला.

हे सारे नेमके त्या वर्षांत का घडले, याचाही विचार केला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात सरकारी, बँकेच्या, गिरण्या-कारखान्यांच्या नोकऱ्यांतून अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी मोकळी होणारी माणसे पूर्वीपेक्षा अधिक काळ जगू लागली होती. मुले पुणे-बंगळूरला, पुढे अमेरिकेला गेली. वाड्याच्या आणि चाळीच्या जागी बंद दाराचे फ्लॅट आले. चाळीत म्हाताऱ्या माणसाला माणसे शोधायला जावे लागत नसे, गॅलरीत खुर्ची टाकली की झाले. फ्लॅटमध्ये त्यासाठी खाली उतरावे लागले आणि उतरून जायला एक ठिकाण लागले. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या १० कोटींच्या वर गेली होती. महाराष्ट्रात तेव्हा दहा माणसांमागे जवळजवळ एक ज्येष्ठ होता. एवढ्या माणसांसाठी कोणी काही योजले नव्हते. बागेतला गोल ही त्यांनी स्वतःची स्वतः केलेली सोय होती.

शेजाऱ्यांचा आवाज

इतिहासात कौतुकच लिहायचे तर तो इतिहास राहत नाही. कुर्ल्यात एका तळ्याकाठी भरणाऱ्या हास्य क्लबच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून तिथले एक ज्येष्ठ रहिवासी २०१२ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पोलिसांना त्यात लक्ष घालायला सांगितले. वर्तमानपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. क्लबातल्या अनेकांना राग आला. आम्ही हसतो त्याचाही कोणाला त्रास?

मला ती तक्रार रास्त वाटली. पहाटे झोप लागणारा आजारी माणूस, रात्रपाळी करून आलेला मुलगा, परीक्षेचा अभ्यास करणारी नात, तान्हे बाळ, हे सगळे बागेच्या कुंपणापलीकडेच राहतात. आणि तक्रारदार स्वतः ज्येष्ठ होते, हे विसरता येत नाही. ज्येष्ठांचे आरोग्य ही आपली कळकळ असेल तर खिडकीआडच्या ज्येष्ठाची झोपही त्यातच आली. त्यानंतर ज्या क्लबांनी विचार केला त्यांनी वेळ थोडी पुढे नेली, इमारतींपासून दूरचा कोपरा निवडला, ध्वनिवर्धक बंद केला आणि मौन हास्याचे प्रकार वाढवले. ज्यांनी केले नाही, त्यांनी आजही करावे.

विज्ञान काय म्हणते

क्लबांच्या फलकांवर आणि पत्रकांवर पुष्कळ काही लिहिलेले असते. एक मिनिट हसणे म्हणजे दहा मिनिटे वल्ही मारण्याचा व्यायाम, हसण्याने मधुमेह जातो, हसण्याने कर्करोग बरा होतो. यातले पहिले वाक्य हास्याचे अभ्यासक डॉ. विल्यम फ्राय यांच्या हृदयाच्या ठोक्यांबद्दलच्या निरीक्षणावरून आले आहे. ठोके वाढणे म्हणजे संपूर्ण व्यायाम नव्हे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजले तेव्हा दिवसाला दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्यात १० ते ४० कॅलरी खर्च होतात असे आढळले. एका पोळीचीही ऊर्जा त्यात संपत नाही. मधुमेहाची गोळी आणि रक्तदाबाची गोळी हसणाऱ्यालाही घ्यावीच लागते. हसून आजार पळवल्याचे दावे स्मरणिकेत किंवा फलकावर कोणीही छापू नयेत. त्या दाव्यांवर विश्वास ठेवून औषध सोडणारा माणूस आपल्याच गोलातला असतो.

मग खरे काय आहे? इंग्लंडमधले रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एकत्र हसल्यानंतर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते. गुडघे धरलेल्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक आहे. बागेत अर्धा तास उभे राहिल्यावर घरी जाताना पायऱ्या थोड्या सोप्या वाटतात. आणि ज्या अभ्यासाने मला सर्वांत जास्त शिकवले तो तेहरानमधला, २०११ साली प्रसिद्ध झालेला. साठ ते ऐंशी वयाच्या, नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रियांचे त्यात तीन गट केले होते. एका गटाने कटारियांच्या पद्धतीचा हास्ययोग केला, दुसऱ्याने सामूहिक व्यायाम, तिसऱ्याने यातले काही केले नाही. पहिल्या दोन्ही गटांतल्या स्त्रियांचे नैराश्य तिसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झाले, आणि त्या दोहोंत एकमेकांच्या तुलनेत ठळक फरक नव्हता. जीवनातले समाधान मात्र हास्याच्या गटात वाढलेले दिसले.

या निष्कर्षाने काही हास्यप्रेमी नाराज होतात. हसण्याइतकाच व्यायामही उपयोगी पडला, मग हसण्याचे वेगळेपण काय? मला त्यातून दिसते ते असे: दोन्ही गटांत माणसे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, त्याच त्या माणसांना भेटत होती, शरीर हलवत होती आणि कोणीतरी त्यांची वाट पाहत होते. आपल्या क्लबांनी तीस वर्षे नेमके हेच केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातला सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रस्त असल्याचे म्हटले आहे, आणि एकाकीपणाचा हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांच्याशी असलेला संबंध मांडला आहे. बागेतल्या गोलाला हे शास्त्र माहीत नव्हते, पण एकाकीपणावरचा एक उपाय तो रोज सकाळी करत होता.

हे कसे घडते ते क्लबात वावरणाऱ्याला माहीत आहे. दोन दिवस कोणी दिसले नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. 'काका, आला नाहीत? बरे आहात ना?' फोन उचलला नाही तर चौघे जण चालत घरी जातात. पत्नी गेल्यानंतर महिनाभर घरात बसलेल्या गृहस्थांना कोणी समजावत नाही. सकाळी दाराशी जाऊन सोबत घेऊन येतात, इतकेच. वर्षातून एक-दोनदा रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर, डोळ्यांची तपासणी, एखादी सहल, कोजागरीचे दूध, वाढदिवसाला सगळ्यांना पेढा. बँकेचा फॉर्म भरून देणारे निवृत्त बँक कर्मचारी, औषधाच्या चिठ्ठ्या वाचून सांगणारे औषध विक्रेते, हयातीचा दाखला मोबाइलवर काढून देणारे कोणाचे तरी नातू, हे सगळे त्या गोलाभोवती जमत गेले. मुलांकडे मागायला संकोच वाटणारी मदत क्लबात सहज मागता येते, कारण उद्या आपणही कोणाला तरी ती देणार असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि बागांना कुलपे लागली. पासष्ट वर्षांवरील लोकांनी घराबाहेर पडू नये अशी सूचना होती, म्हणजे गोलातले बहुतेक सगळेच. त्या महिन्यांत अनेक क्लबांनी मोबाइलच्या पडद्यावर हसायला शिकून घेतले. नातवंडांनी झूम लावून दिले. कोणाचा फक्त कपाळाचा भाग दिसे, कोणाचा आवाज बंद राही, कोणाच्या मागे कुकरची शिट्टी होई. तरी रोज सकाळी सात वाजता सगळे तिथे असत. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना एकाने रोज एक फोन करायचा, अशी वाटणी काही ठिकाणी केली गेली. त्या काळात गेलेल्या साथीदारांची नावे क्लबांच्या वह्यांत आहेत. बागा उघडल्यावर गोल लहान झाला होता. हात धरायचे नव्हते, मास्क लावून हसायचे होते. पण गोल पुन्हा जमला.

जे अजून झालेले नाही

तीस वर्षांनंतर काही गोष्टी मोकळेपणाने लिहाव्या लागतील. म्हातारपणी माणसाला अंथरुणाला खिळवणारी एक मोठी गोष्ट पडणे ही आहे. मोरीत पाय घसरतो, खुबा मोडतो आणि बागेत येणारा माणूस कायमचा घरात अडकतो. हे टाळायला पायांची ताकद आणि तोल लागतो. हसण्याने तो येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, बाकाला हात लावून टाचा उचलणे, एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालणे, एका पायावर उभे राहणे. हे सगळे बागेतल्या बाकाजवळ दहा मिनिटांत होते. ज्या क्लबांनी ते क्रमात घेतले आहे त्यांनी फार मोठे काम केले. बाकीच्यांनी या वर्षी घ्यावे.

दुसरी गोष्ट. आपला गोल बऱ्यापैकी सुखवस्तूंचा आहे. निवृत्तिवेतन असलेले, बागेजवळ राहणारे, स्वतःच्या पायांनी चालत येणारे. सत्तरीतही धुणीभांडी करणाऱ्या मावशी, रखवालदाराचे काम करणारे काका, भाजीची गाडी लावणारे आजोबा त्याच बागेबाहेर असतात आणि सकाळी सात ही त्यांची कामाची वेळ असते. अंथरुणावर असलेले, अर्धांगवायू झालेले, विस्मरणामुळे घरातच ठेवले जाणारे, हे तर आपल्याला दिसतही नाहीत. ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज आहे ते गोलाबाहेर आहेत. काही क्लबांचे सभासद आठवड्यातून एक दिवस वृद्धाश्रमात किंवा आजाऱ्याच्या घरी जाऊन हसतात. ही प्रथा सर्व क्लबांची व्हायला हवी.

तिसरी गोष्ट नगरपालिकांनी आणि महानगरपालिकांनी ऐकावी अशी आहे. ज्येष्ठांच्या बागेत स्वच्छ स्वच्छतागृह, पाठ टेकता येणारे बाक, आत येताना पायरीऐवजी उतार, आणि फुटक्या फरशांऐवजी सपाट वाट हवी. लघवीला जायची सोय नाही म्हणून घराबाहेर पडायचे टाळणारे असंख्य ज्येष्ठ आहेत, आणि ते हे कारण कोणालाही सांगत नाहीत. वॉर्डाच्या सभेत हा मुद्दा क्लबांनीच लावून धरावा. आपण मतदार आहोत आणि आपल्याकडे वेळ आहे.

पुढच्या स्मरणिकेत आजच्या सभासदांपैकी अनेक नसतील, आणि त्यात गैर काही नाही. प्रत्येक सभासदाला एवढेच मागणे आहे: येत्या सोमवारी बागेत येताना इमारतीतल्या त्या एका माणसाचे दार वाजवा, ज्याला तुम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलेले नाही. चालता येत असेल तर त्याला सोबत घेऊन या, आणि येत नसेल तर परतताना त्याच्याकडे चहा घ्या.